जमिनीपासून चार बोटे

गुडघे कुरकुरू लागले की माणूस अध्यात्माकडे वळतो असे म्हणतात. मी मोटारीकडे वळलो. २०१९ सालची गोष्ट. टिळकवाडीतल्या आमच्या घरापुढे तोवर जी बुटकी मोटार उभी असे, तिच्यात बसताना विहिरीत उतरल्यासारखे आणि बाहेर पडताना विहिरीतून वर आल्यासारखे वाटू लागले होते. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले की, आसन कमरेच्या उंचीचे असावे. चढावे लागू नये आणि वाकावेही लागू नये. अशा गाडीला हल्ली छोटी एसयूव्ही म्हणतात. नवी घेण्याइतके बळ निवृत्तिवेतनात नव्हते. म्हणून कोल्हापूरच्या एका कुटुंबाकडून २०१४ सालची, पाच वर्षे वापरलेली गाडी मी विकत घेतली आणि आणखी पाच वर्षे वापरून २०२४ साली विकली. गाडीचे नाव सांगण्याचे कारण नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात ती बनवणाऱ्यांचा काहीच दोष नाही.

विकतानाच्या पंधरा दिवसांत मात्र एक जुना प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहिला. समोरच्याने विचारले नाही आणि आपण सांगितले नाही, तर तो अपराध होतो काय? आयुष्यभर वर्गात उभे राहून मुलांना सत्यासत्याचे धडे दिलेल्या माणसाला ह्याचे उत्तर तोंडपाठ असायला हवे. माझे नव्हते.

प्रश्न गाडी चालवण्यातूनच निघाला, म्हणून आधी ती चालवणे कसे होते ते सांगतो. अशा गाडीत बसल्यावर पहिल्यांदा जाणवते ती उंची. बेळगावहून निपाणीकडे निघालो की काकती, हत्तरगी, संकेश्वर ही सारी वाट लहानपणापासून पायाखालची. पण थोडे वर बसले की तीच वाट निराळी दिसू लागते. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे बुटक्या मोटारीतला माणूस आंधळा असतो; इथे निदान ट्रॉलीच्या कडेने पुढचा रस्ता अजमावता येतो. पावसाळ्यात जांबोटीकडे जाताना खड्डा आला तरी पोटात गोळा येत नाही. आणि मग नकळत एक वाईट गोष्ट घडते. आपण इतरांपेक्षा सुरक्षित आहोत, थोडे मोठेही आहोत, असे वाटू लागते. मोटारसायकलवरून दुधाचे कॅन नेणारा शेतकरी आपल्याला वरून दिसतो. शहापुरातल्या अरुंद गल्लीत मात्र ह्याच उंचीमुळे बॉनेटच्या पुढ्यात खेळणारे पोर दिसत नाही. लांबचे दिसावे म्हणून घेतलेली उंची जवळचे झाकून टाकते.

आणि ही उंची असते तरी किती? साध्या मोटारीचा तळ जमिनीपासून सुमारे १७ सेंटिमीटर वर असतो, ह्या गाड्यांचा सुमारे २०. फरक जेमतेम दोन बोटांचा. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले आणि लांबीपुरती 'लहान' ह्या शब्दाची मर्यादा चार मीटर ठरली. पुढे कारखानदारांनी त्याच चार मीटरांत डोंगरी गाडीचे रूप बसवले. ह्यांतल्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या दोनच चाकांना मिळते. अंग डोंगरी, स्वभाव शहरी. शेताच्या बांधावर चिखलात रुतली की त्याच दूधवाल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर घेऊन ये म्हणून विनवावे लागते. मला दोनदा विनवावे लागले.

वापरलेल्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यात आपण एकटे कधीच नसतो. चालकाच्या आसनाची उजवी कड झिजलेली होती. माझ्या आधीचा कोणी जडसा माणूस दिवसातून अनेकदा तिथून उतरत असला पाहिजे. स्टिअरिंगवर डाव्या हाताच्या जागी अंगठीचा बारीक ओरखडा होता. डॅशबोर्डवर देवाची मूर्ती चिकटवली होती, तिथे गोंदाचा चौकोन तेवढा राहिला होता. मागच्या काचेवर लहान मुलाने चिकटवलेल्या चित्राची सावली उन्हात दिसे. क्लच फार वर येऊन पकडायचा. म्हणजे पाय त्यावर ठेवूनच गाडी चालवण्याची कोणाची तरी सवय. पहिल्या महिन्यात मी तिला माझ्या सवयी लावीत होतो. वर्षभराने लक्षात आले की, क्लचवर पाय मीही ठेवू लागलो आहे.

पाटीचीही कथा आहे. गाडी आली ती 'एमएच ०९' ह्या कोल्हापूरच्या पाटीने. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची तर तिची तिथे नव्याने नोंद करावी लागते. ना-हरकत प्रमाणपत्र आणले, कर्नाटकाचा कर भरला आणि ती 'केए २२' झाली. काचांच्या कोपऱ्यात कोरलेला जुना क्रमांक मात्र तसाच राहिला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांची अवस्था ह्याहून निराळी नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला पाटी बदलली. काचेवरचे अक्षर आजही वाचता येते. त्या हस्तांतरात आपल्या आजोबांना कोणी काही विचारले नव्हते, हे आपण घरोघरी ऐकत आलो. वस्तू हातातून हातात जाताना तिच्यात बसलेल्यांना काय कळवायला हवे होते, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला अगदीच परका नसावा.

आता मूळ गोष्ट. २०२२ च्या पावसाळ्यात निपाणीच्या अलीकडे तवंदी घाट उतरताना मी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली. अलाइनमेंट करून घेतले. महिन्याभरात पुन्हा तेच. अखेर उद्यमबागेतल्या एका गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून मला खाली बोलावले आणि बॅटरीच्या उजेडात दाखवले. पुढच्या डाव्या बाजूचा पत्रा एकदा दबून पुन्हा ओढलेला होता; कारखान्यातल्या गोल, सारख्या डागांच्या जागी हाताने मारलेले वेल्डिंग होते; बोल्टांवरचा रंग उडाला होता. गाडी कधी काळी जोरात आदळली होती. मग त्याने चावी फिरवली. इंजिन सुरू होण्यापूर्वी समोर निरनिराळे दिवे क्षणभर लागतात आणि विझतात. एअरबॅगचा दिवाही तसाच लागून विझला पाहिजे. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता. त्याची तार तोडलेली होती. चालकापुढची एअरबॅग पुन्हा बसवलेली दिसत होती. डावीकडे, शेजारी बसणाऱ्यापुढे, नुसते झाकण होते. आत काही नव्हते.

तीन वर्षे मी तो दिवा लागत नाही हेच दोष नसल्याचे लक्षण समजत होतो. आणि तीन वर्षे त्या डाव्या आसनावर माझी पत्नी बसत होती.

दुरुस्तीचा खर्च ऐकून मी गप्प बसलो. 'पुढच्या महिन्यात पाहू' असे मनाशी म्हटले आणि घरी काहीच बोललो नाही. पत्नीला मात्र मागे बसायला सांगू लागलो. मागे पाय मोकळे ठेवता येतात, तुझ्या पाठीला बरे, असे कारण दिले. ती म्हणाली, "अहो, मी काय भाड्याच्या गाडीतली प्रवासी आहे?" पण बसली. दोन वर्षे ती माझ्या मागे बसली आणि आरशात मला तिचे कपाळ तेवढे दिसत राहिले. मी खोटे बोललो होतो काय? पाठीला बरे हे तर खरेच होते.

२०२४ मध्ये मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, मुलाने गाडी चालवणे पुरे म्हणून सांगितले आणि गाडी विकायला काढली. निपाणीजवळच्या खेड्यातला एक तरुण शिक्षक आला. त्याने गाडीला एक फेरी मारली, टायर पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला. अपघाताचे त्याने विचारले नाही. मी आपण होऊन म्हणालो, "पुढे थोडे डेंटिंग-पेंटिंग झालेले आहे." तो म्हणाला, "एवढं चालतंच, सर." किंमत ठरली. विसार म्हणून त्याने अकरा हजार रुपये माझ्या हातावर ठेवले. निघताना तो म्हणाला, "आईच्या गुडघ्यांमुळे उंच गाडी बघत होतो. तिला पुढं बसायला आवडतं."

त्या रात्री मला झोप आली नाही. कौरवांच्या सेनापतीला शस्त्र खाली ठेवायला लावण्यासाठी युधिष्ठिराने अश्वत्थामा मेल्याचे मोठ्याने सांगितले आणि तो हत्ती असल्याचे हळूच पुटपुटला, ही कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. व्यासांनी तिच्यात घातलेला एक तपशील मला फार विलक्षण वाटतो. युधिष्ठिराचा रथ तोवर जमिनीपासून चार बोटे वर चाले. त्या वाक्यानंतर तो जमिनीला टेकला. माझी गाडी इतरांहून दोन बोटे वर होती. 'डेंटिंग' मी मोठ्याने म्हणालो होतो. उरलेले पुटपुटलोदेखील नव्हतो.

सकाळी गॅरेजवाल्याला विचारले. तो बेळगावी स्पष्टपणाने म्हणाला, "तुम्हाला कोण सांगितलं होतं काय ओ सर? मग तुम्ही कशाला सांगायला जाताय?" हा युक्तिवाद वाटतो तितका उथळ नाही. आपला कायदा जवळपास त्याच बाजूचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम सांगते की, नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. बोलणे हे ज्याचे कर्तव्य आहे त्याचे मौन मात्र कपट ठरते. दाखला घोड्याचा आहे. लिलावात सदोष घोडा विकताना मालक गप्प राहिला, तर ते कपट नाही. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य. आणि घेणाऱ्याने 'तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन' असे म्हटले, तर मालकाचे मौन हे बोलण्यासारखेच. मुलीला सांगायचे आणि परक्याला नाही, ही कायद्याने आखलेली रेषा आहे. माझ्यापुरता पेच असा की, मी पत्नीलाही सांगितले नव्हते.

हाच वाद दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये झालेला आहे. इ. स. पूर्व ४४ मध्ये सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. त्यात रोगट घर विकणाऱ्या मालकाचा दाखला आहे. खोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजले आहे, आणि हे त्या एकट्यालाच ठाऊक. डायोजिनिस म्हणतो, त्याने कोणावर जबरदस्ती केली नाही. न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे. त्याचा शिष्य अँटिपाटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यापेक्षाही हे वाईट, कारण इथे आपण जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीत ढकलतो. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. त्याच्या मते प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे. पण जे कळणे दुसऱ्याच्या हिताचे आहे ते त्याला कळू नये, असे जेव्हा आपण स्वतःच्या फायद्यासाठी इच्छितो, तेव्हा ते लपवणे होते.

ही कसोटी मी स्वतःला लावून पाहिली. त्या तरुणाला कळू नये अशी माझी इच्छा होती काय? होती. त्याने विचारले नाही तेव्हा मला हायसे वाटले होते, आणि त्याने दिलेल्या किमतीचा काही भाग त्याच्या अज्ञानाचाच होता.

अर्थशास्त्रानेही ह्याचा विचार केलेला आहे. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांबरोबर मिळाले. फसव्या निघालेल्या गाडीला अमेरिकेत 'लिंबू' म्हणतात. आपण लिंबू गाडीच्या पुढे टांगतो; ते म्हणतात, ते आतच असते. त्यांचा मुद्दा असा की, चांगली कोणती आणि वाईट कोणती हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर घेणारा सगळ्यांनाच मधली किंमत देऊ लागतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. एकाच्या मौनाची किंमत अशी सर्वांना मोजावी लागते.

माझ्या आजोबांनी हे निबंध वाचले नव्हते. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत ते बैल घ्यायला-विकायला जात. तिथे सौदा रुमालाखाली बोटांनी होई आणि घेणारा स्वतः दात मोजी : दोनदाती, चारदाती, जुळलेला. दात जो तो पाहू शकतो, म्हणून दातांविषयी आजोबा काही बोलत नसत. पण बैल मारका असेल किंवा औताला बसत असेल, तर रुमालात हात घालण्यापूर्वी सांगत. 'जनावर खोड सांगून विकावे' हा त्यांचा नेम होता. लहानपणी मला तो भाबडेपणा वाटे. आज त्यातली दोन परिमाणे दिसतात. एक, घेणाऱ्याला जे सहज दिसते ते सांगण्याचे ओझे विकणाऱ्यावर नाही. जे दिसणार नाही आणि ज्याने इजा होईल ते सांगणे भाग आहे. दुसरे, सांगायचे ते किंमत ठरण्यापूर्वी. विसार घेतल्यावर सांगणे म्हणजे आपले मन हलके करून ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर देणे.

मी ती वेळ चुकवली होती. तेव्हा आधी घरी सांगितले. पत्नीने सगळे ऐकून घेतले. ती रागावेल असे वाटले होते, ती फक्त म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं तुम्ही पुढं एकटे बसलात." थोड्या वेळाने म्हणाली, "त्या मुलाला आजच फोन करा. विसार परत देतो म्हणावं."

फोन केला. अपघात, वेल्डिंग, तोडलेली तार, झाकणामागची रिकामी जागा, सारे सांगितले आणि सौदा मोडला असे समजायला सांगितले. तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, किंमत कमी करा, मी घेतो. एअरबॅगचं नंतर बघतो." मला सुटल्यासारखे वाटले. सांगितले, त्याने ऐकले, तो तयार आहे. कायदा, सिसेरो आणि आजोबा ह्या तिघांचेही समाधान झाले.

पण डाव्या आसनावर बसणार होती त्याची आई. तिने सौदा केलेला नाही. तिला कोणी विचारलेले नाही. 'नंतर बघतो' म्हणजे काय हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? मीही दोन वर्षे तेच म्हणत होतो. कायद्यातल्या घोड्याला विकणारा आहे, घेणारा आहे. त्यावर उद्या बसणारा कोणी त्या दाखल्यात नाही. सिसेरोच्या घरातही घेणाऱ्याची मुलेबाळे दिसत नाहीत. व्यवहार नेहमी दोघांचा असतो आणि बसणारा बहुधा तिसरा असतो. त्या तिसऱ्याच्या बाबतीत नुसते सांगून आपण मोकळे होतो काय? मला वाटते, नाही. दोघे राजी असले म्हणून तिच्यापुढची रिकामी जागा भरत नाही.

म्हणून त्याला म्हटले, "किंमत कमी करत नाही. गाडी आठ-दहा दिवस माझ्याकडे राहू दे. एअरबॅग आणि तिची यंत्रणा मी बसवून देतो. मग घ्यायची की नाही ते ठरवा." खर्च माझ्या आवाक्याबाहेर नव्हता; तो कधीच नव्हता, हे लिहिताना लाज वाटते. पत्र्याचा दोष पूर्ण जाणारा नव्हता. त्याबद्दल किमतीतून काही रक्कम उतरवली आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला तर गाडी किंचित डावीकडे जाते, हे एका कागदावर लिहिले. क्लचचे, दोन टायरांचे, गळणाऱ्या मागच्या दाराचेही लिहिले. तो कागद गाडीच्या खणात ठेवला आणि त्याला म्हटले, तुम्ही विकाल तेव्हा ह्याच्यासकट विका.

एका गोष्टीचा उलगडा राहिलाच. मला गाडी विकणाऱ्या कोल्हापूरच्या कुटुंबाला हे ठाऊक होते का? नोंदणीपुस्तकात ते दुसरे मालक होते. पहिला गप्प राहिला असेल आणि तेही माझ्यासारखेच त्या न लागणाऱ्या दिव्याकडे पाहत राहिले असतील. किंवा त्यांनाही सारे ठाऊक असेल. मी विचारायला गेलो नाही. मीही त्यांना काही विचारले नव्हते, आणि विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते हे आता कळण्याचा मार्ग नाही. मौनाची ही साखळी कोठून सुरू झाली हे शोधण्यापेक्षा ती माझ्या हातात आली तेव्हा मी काय केले, ह्याचेच उत्तर मला देता येते. आणि तेही दोन वर्षे उशिराचे आहे.

गाडी पोचवायला आम्ही दोघे निपाणीला गेलो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला. पत्नी पुढे बसली होती. तवंदीचा घाट उतरताना मी वेग कमी ठेवला. खेड्यात पोचलो तेव्हा त्या तरुणाची आई अंगणात उभी होती. तिने गाडीवर हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि गुडघ्यावर हात न ठेवता सहज डाव्या आसनावर जाऊन बसली. परतीच्या एसटीच्या पायऱ्या मला फार उंच वाटल्या.